‘बेफिकीर प्राध्यापक’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

पाऱ्याची विषबाधा झालेले जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘पारा विषारी असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. स्वतःच्या बेफिकिरीने विषबाधा करून घेणाऱ्याची आरती कसली ओवाळता? आधी अभ्यास करा, मग लिहा.’ शिवाय चुकलेलं साल, न मिळालेलं नोबेल आणि नाझी पक्ष, हेही काढलंत.

साल चुकलं, मान्य. श्टॉक जर्मनीतल्या कार्ल्सरूहला 1926 मध्ये गेले, मी 1927 लिहिलं होतं.

पण ‘आधी अभ्यास करा’ हे कुणाला सांगताय? बत्तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. मतभेद खुशाल असू द्यात, पण नावही न लावता दुसऱ्याची अक्कल काढायची ही कुठली रीत?

आता ते शाळकरी पोर. बोरॉनची हायड्राइडं, म्हणजे बोरॉन आणि हायड्रोजनची संयुगं. त्यांतली बरीचशी हवा लागताच पेट घेतात, पाण्याने विघटित होतात आणि तोट्यांना लावलेल्या ग्रीसमध्येही मुरतात. ब्रेस्लाउ शहरात श्टॉकनी त्यांच्यासाठी काचेच्या नळ्यांची अख्खी निर्वात जोडणी उभी केली आणि झडपा ठेवल्या पाऱ्याच्या. दुसरं काय वापरणार होते? पाऱ्याचे क्षार घातक असतात, खाणीतल्या कामगारांना बाधा होते, हे तेव्हा माहीत होतंच. पण प्रयोगशाळेतली थोडी थोडी वाफ वर्षानुवर्षं माणसाला पोखरते, हे कुणी गांभीर्याने घेतलेलं नव्हतं. श्टॉकना काय काय झालं? डोकेदुखी, चक्कर, वाहतं नाक, पार गेलेली स्मरणशक्ती. त्यांनी नाकाचे उपचारसुद्धा करून घेतले. खरं कारण उमगलं 1924 मध्ये.

आणि आम्हाला तर ते आधीपासून ठाऊक होतं ना? तरी 1987 मध्ये आमच्या कॉलेजात मॅनोमीटर (वायूचा दाब मोजायचं, पारा भरलेलं उपकरण) फुटला, तेव्हा फरशीच्या फटींतले पाऱ्याचे मणी आम्ही पोस्टकार्डाने गोळा केले. खिडक्या बंद, पंखा चालू, हात उघडे. बाटली परत कपाटात गेली, फटींत राहिलेला पारा तसाच. कुणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. तुम्ही कधी प्रयोगशाळेत उभे राहिला आहात का, हे मला खरोखर जाणून घ्यायचंय.

बेफिकीर माणूस झाकपाक करतो. श्टॉकनी 1926 मध्ये आपलं दुखणं, विसरभोळेपणासकट, स्वतःच्या नावानिशी रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापलं, बाकीच्यांनी सावध व्हावं म्हणून. पुढची कित्येक वर्षं हवेतला आणि शरीरातला पारा अगदी सूक्ष्म प्रमाणात कसा मोजायचा, यावर घालवली. दातांत भरायच्या पाऱ्याच्या मिश्रणाविरुद्धही ते बोलले. त्याला मी मोठेपणा म्हटलं, आणि पुन्हा म्हणेन.

नोबेल नाही मिळालं, बरं मग? लोखंडाच्या क्लोराइडचं नाव लिहिताना लोखंडानंतर कंसात रोमन आकडा घालतो, तेव्हा आपण रोज त्यांचीच पद्धत वापरतो. नाझी पक्षाचे ते सदस्य होते, त्याचं समर्थन मी करत नाही, पण लेखाचा विषय तो नव्हता.

साल मूळ लेखात दुरुस्त केलं आहे. पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्यावी.