ताप सूर्य लांब गेल्यामुळे येत नाही

"उद्या पहाटे ५:२७ पासून २२ ऑगस्टपर्यंत अल्फेलियन ही खगोलीय घटना घडणार आहे. सूर्य आणि पृथ्वीमधलं अंतर ५ प्रकाशमिनिटं म्हणजे ९ कोटी किलोमीटर असतं, ते १५ कोटी २० लाख किलोमीटर होईल, म्हणजे ६६ टक्के जास्त. ही घटना दिसणार नाही, पण जाणवेल. थंडी वाढेल. अंगदुखी, घसा धरणे, ताप, खोकला, धाप लागणे असे त्रास होतील. भरपूर व्हिटॅमिन घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज गेली काही वर्षं जुलै लागला की येतो आणि मी तो पुसून टाकतो. यंदा पुसून भागलं नाही. कोथरूडच्या मावशीला ताप होता आणि ती डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. म्हणाली, "अरे, सगळ्यांनाच होतंय. ते सूर्याचं आहे ना, बावीस ऑगस्टपर्यंत राहणार." मावशी बी.एस्सी. आहे, आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्यात. तिला हे पटू शकतं, तर मग एकदा बसून उत्तर लिहिलेलं बरं.

आधी ते ९ कोटी, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. सूर्यापासून पृथ्वीचं सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. तेवढं अंतर कापायला प्रकाशाला ५ नाही, ८ मिनिटं १९ सेकंद लागतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, १४ कोटी ७१ लाखांवर. तो उपसूर्य बिंदू. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाखांवर, तो अपसूर्य, इंग्रजीत अ‍ॅफेलियन. मेसेजने त्याचंच "अल्फेलियन" करून टाकलंय. फरक ५० लाख किलोमीटरचा, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे केप्लरने १६०९ मध्ये मंगळाच्या नोंदींवरून मांडलं ते खरंच, पण पृथ्वीची कक्षा कागदावर काढली तर कंपासने काढलेल्या वर्तुळापेक्षा ती वेगळी आहे हे नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही.

मेसेजची चलाखी अशी की १५ कोटी २० लाख हा आकडा जवळजवळ बरोबर आहे. कोणी शोधून बघितलं तर तो सापडतो, आणि मग शेजारचा ९ कोटीही खरा वाटतो. प्रत्यक्षात ९ कोटी किलोमीटरवर कोणताच ग्रह नाही. बुध त्याच्या बराच आत फिरतो आणि शुक्र १० कोटी ८२ लाखांवर. म्हणजे या मेसेजप्रमाणे आपण एरवी शुक्राच्याही आत राहतो आणि जुलैत शुक्राची वाट ओलांडून बाहेर येतो. असं खरंच असतं तर संक्रांतीच्या सुमारास सूर्य जुलैच्या सूर्यापेक्षा दीडपटीहून जास्त रुंद दिसला असता. उष्णता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे ती पावणेतीनपटीच्या वर गेली असती. तिळगूळ वाटायला कोणी शिल्लक राहिलं नसतं. आणि हो, १५२ भागिले ९० केलं तर वाढ ६९ टक्के येते, ६६ नाही. मावशी, तू तरी हे पकडायला हवं होतंस.

आता पहाटेचे ५:२७. पृथ्वी अपसूर्यावर दरवर्षी वेगळ्या वेळी पोचते. भारतीय वेळेने २०२४ मध्ये ती ५ जुलैला सकाळी साडेदहानंतर पोचली, २०२५ मध्ये ४ जुलैला मध्यरात्र उलटून सव्वा वाजून गेल्यावर. मग दरवर्षी ५:२७ कशी? २०२१ मध्ये ती वेळ आपल्याकडे ६ जुलैच्या पहाटे ३:५७ होती. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, जकार्ताचं सात तास. म्हणजे त्याच क्षणी जकार्तात वाजले होते बरोबर ५:२७. पुण्यातल्या भिशीच्या ग्रुपवर दरवर्षी "उद्या पहाटे" म्हणून जे येतं, त्यातली वेळ इंडोनेशियाच्या घड्याळाची आहे आणि तो "उद्या" २०२१ सालीच होऊन गेला. जावा बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. तिथे जुलै-ऑगस्ट हा कोरडा ऋतू, आणि डोंगराळ भागात रात्री चांगल्याच गार होतात. तिथल्या माणसाला "थंडी वाढेल" वाचून पटलं असेल तर नवल नाही. तिथेही कारण अंतराचं नाहीच, पण निदान थंडी तरी खरी आहे.

आपल्याकडे काय? यासाठी नासापर्यंत जायची गरज नाही, सिमला ऑफिस चौकापर्यंत गेलं तरी पुरे. हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या चौकाला ते नाव. पुण्याच्या तापमानाच्या नोंदी तर त्याच्याही आधीपासूनच्या आहेत. पुण्याचा आजवरचा सर्वांत नीचांकी पारा १.७ अंश, तारीख १७ जानेवारी १९३५. म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळून जाऊन दोन आठवडे झाले होते तेव्हा. लांब गेल्याने थंडी पडत असती, तर हा विक्रम जुलैतला असायला हवा होता. पुण्यात पहाटेचा पारा दहा-बाराच्या घरात उतरतो तो डिसेंबर-जानेवारीत. जुलैत तो बाविशीच्या आसपास असतो. स्वेटर कधी काढता ते आठवा, बाकी गणित सोडून द्या.

ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो. जुलैच्या सुरुवातीला तो जवळजवळ डोक्यावर असतो, दिवसही दोन तासांहून मोठा असतो, आणि जुलैच्या अखेरीस तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. जुलैत गारवा वाटतो तो मधे आलेल्या ढगांमुळे आणि पावसामुळे. हे सांगायला खगोलशास्त्रज्ञ लागत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकराला ते कळतंच.

एवढं मात्र मान्य करावं लागेल: अपसूर्य खरा आहे, आणि जुलैत पृथ्वीवर पोचणारं ऊन जानेवारीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतं. ही काही थाप नाही. पण कललेल्या आसापुढे आणि ढगांपुढे हे ७ टक्के टिकत नाहीत. उलट साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान जानेवारीपेक्षा जुलैतच जास्त असतं, कारण उत्तर गोलार्धात जमीन जास्त आणि ती समुद्रापेक्षा लवकर तापते. लांब असण्याचा खरा परिणाम बघायचा असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर काढा. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस भरतात आणि तिथून परत मार्चपर्यंत १७९. लांब असताना पृथ्वी सावकाश चालते, म्हणून. याने कोणाचा घसा धरत नाही.

आता मावशीच्या तापाकडे येतो, कारण माझा खरा राग इथे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात ताप-खोकल्याची साथ असतेच. म्हणूनच हा मेसेज दरवर्षी खरा ठरल्यासारखा वाटतो. पण त्या तापामागे डास असतात, फ्लूचे विषाणू असतात, दूषित पाणी असतं. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. २०२४ च्या जून-जुलैत एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, तेही याच डासामुळे. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये याच शहरात झाला. तेव्हा चेहऱ्याला रुमाल बांधून फिरणारं पुणे ज्यांनी पाहिलंय, तीच माणसं आज "ग्रहांचा परिणाम" म्हणून धाप लागल्याकडे दुर्लक्ष करतायत.

धाप लागणं हे लक्षण "जाणवेल" म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. डेंग्यूची एनएस-१ नावाची रक्ततपासणी तापाच्या पहिल्या काही दिवसांतच उपयोगाची. दुसरं असं की डेंग्यूत ताप उतरायला लागल्यावरच बऱ्याचदा धोक्याचा काळ सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त येणं तेव्हा दिसतं. अंग दुखतंय म्हणून घरातली अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेणं तेव्हा महागात पडू शकतं, कारण त्याने रक्तस्राव वाढतो. २२ ऑगस्टपर्यंत वाट बघा असं सांगणाऱ्या मेसेजने एखाद्याचे नेमके हेच दिवस वाया जातात. मावशीचं रक्त शेवटी तपासलं, डेंग्यू निघाला नाही, साधा व्हायरल होता. त्यावर ती म्हणाली, "बघ, काही नव्हतंच." यावर काय बोलणार?

व्हिटॅमिनबद्दल फार लिहीत नाही. कमतरता असेल तर डॉक्टर देतील. ए आणि डी मूठभर खाल्ली तर ती शरीरात साठून अपाय करतात, आणि ग्रहांचं अंतर कमी करणारी गोळी अजून निघालेली नाही.

उरली २२ ऑगस्ट. त्या दिवशी आकाशात काहीही संपत नाही. पृथ्वी तेव्हाही सूर्यापासून १५ कोटी १३ लाख किलोमीटरच्या आसपास असते. सरासरी अंतरावर ती परत येते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. म्हणजे मेसेज खरा मानला तर थंडी तोपर्यंत टिकायला हवी, आणि तेव्हा पुण्यात ऑक्टोबर हीट सुरू झालेली असते.