नोबेलवाली टेस्ट

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चालू आहे. कुठल्याशा लॅबला क्लब हाउसात कॅम्प लावायचाय. रक्ताच्या एका नळीतून मायक्रो-आरएनए मोजायचा आणि आतड्याचा कॅन्सर सांगायचा, म्हणे 'नोबेलवाली टेस्ट'. अर्धे लोक पैसे भरून मोकळे. उरलेले म्हणतात, हा गोऱ्यांचा रोग, आपण भाकरी-ताक खाणारी माणसं! मला राग दोघांचाही येतो.

अँब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांना 2024 साली नोबेल मिळालं, ते एका इवल्याशा कृमीत सापडलेल्या गोष्टीसाठी. ती गोष्ट म्हणजे मायक्रो-आरएनए. साधारण 22 रासायनिक अक्षरांचा हा तुकडा स्वतः प्रथिन बनवत नाही, इतर जनुकांचे निरोप मधेच अडवतो. आतड्याच्या गाठीत मिर-143 आणि मिर-145 नावाचे मायक्रो-आरएनए घटतात, हे 2003 पासून माहीत आहे. मिर-21 वाढतो आणि पेशींना आवर घालणाऱ्या पीटेनसारख्या प्रथिनांना दाबतो. पण तो स्तनाच्या, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही वाढतो, नुसत्या सुजेतही वाढतो. शिवाय नळीत तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला आरएनए मिसळून आकडे फिरतात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुपारभर हिंदकळलेल्या नळीवर कोण विश्वास ठेवणार?

आणि भाकरीवाल्यांनो, भारतात हा कॅन्सर कमी आहे हे खरं, पण रोगी तुलनेने तरुण असतात. रक्त पडलं तरी मूळव्याध समजून मलम लावण्यात महिने जातात.

मी राहतो इंग्लंडात. इथे लेस्टरला पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी फिटचं, म्हणजे शौचाच्या तपासणीचं, पाकीट दारात पडतं. काडी शौचाला लावायची, बाटलीत घालायची, पोस्टात टाकायची. त्यात शोधतात ते फक्त डोळ्यांना न दिसणारं रक्त. हे मी ग्रुपवर जरा ऐटीतच लिहिलं. पुढे कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्यासाठी, किती ताटकळावं लागतं, ते नाही लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं लगेच उत्तर आलं, "तुझं तिकडे पोस्टमन बघतो रे बाबा, आमचं आम्हालाच बघावं लागतं."

झोंबलं. तिथे कुणाचं पोट बिघडलं तर चार घरांतून मऊभात येतो, सल्ले तर विचारूच नका. इथे माझ्या पोटाची चौकशी करतं ते पाकीटच, शेजारच्या डेव्हिडला असलं काही मी जन्मात सांगणार नाही. तरी मी बोलणारच. फ्लॅट अजून माझ्या नावावर आहे, मेंटेनन्स वेळेवर भरतो. सेक्रेटरींनी कॅम्पवाल्याला एवढंच विचारावं, टेस्ट पॉझिटिव्ह आली तर पुढची कोलोनोस्कोपी कोण करणार? आणि निगेटिव्ह आली, पण शौचातून रक्त पडतंय, तर त्या माणसाला घरी बसा म्हणणार का?