चाळीसला तिसरा, पण चढावर?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो आमच्यातल्या नवशिक्यामुळे. "चाळीसच्या वेगाला तिसरा गिअर, पन्नासला चौथा, असं पाठ केलंय. तरी चढावर गाडी थरथरते. का रे?"

"पाठ केलंस म्हणूनच," गॅरेजवाला म्हणाला. "गिअर नुसत्या वेगावर ठरत नाही, इंजिनावर ओझं किती त्यावर ठरतो. सपाट रस्त्यावर चाळीसला चौथाही चालेल. पाच माणसं घेऊन चढायचं असेल तर त्याच चाळीसला दुसरा लागेल."

"म्हणजे पेट्रोल जाळत बसायचं!" अण्णा उसळले. लवकरात लवकर टॉप गिअर टाकायचा, हा त्यांचा जुना नेम. आणि त्यात तथ्य आहेच. वरच्या गिअरला इंजिनाचे फेरे कमी, त्यामुळे घर्षण कमी आणि इंधनही कमी. पण पाय पूर्ण दाबूनही गाडी ओढत नसेल, गुरगुरत असेल, तर बचतीचा प्रश्नच संपला. तेव्हा पेट्रोल इंजिन ठोके मारू लागतं, बेअरिंगवर ताण येतो. बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत साधारण 1500 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या खाली टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, जोरच नीट मिळत नाही. तिथे गिअर पाडण्याला, म्हणजे खालचा गिअर टाकण्याला पर्याय नाही.

"बरं, उताराला तरी न्यूट्रल?" अण्णांनी विचारलं.

इथे मी मध्ये पडलो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. लांब उतारावर न्यूट्रल टाकून नुसत्या ब्रेकवर उतरत होतो. खाली येईपर्यंत जळका वास, आणि पेडल दाबलं तरी गाडी आवरेना. त्या दोन वळणांची भीती अजून गेलेली नाही. शिवाय वाचत काहीच नाही. आजच्या, इंजिनात इंधन मोजून फवारणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून पाय उचलला की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

"ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर," गॅरेजवाला नवशिक्याला म्हणाला. "आणि ओव्हरटेक करायचा तर गिअर आधी पाड, मग बाहेर निघ. समोरून गाडी येताना गिअर शोधत बसू नकोस."

अण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सिग्नलला न्यूट्रल टाकतो, ते तरी बरोबर ना?"

"अगदी बरोबर, अण्णा. क्लच दाबून पहिल्यात थांबणाऱ्यांची क्लचमधली रिलीज बेअरिंग बदलून मी थकलोय."