शून्य मार्कांचा अल्बम

सॉनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडचा विषय निघाला की गाडी त्यांच्या 'डेड्रीम नेशन' या अल्बमवर (१९८८) जाऊन थांबते. थांबू दे, तो आहेच तसा. पण आज मला बोलायचंय ते २००० साली आलेल्या 'एनवायसी घोस्ट्स अँड फ्लॉवर्स'बद्दल. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं त्याला दहापैकी ०.० दिले होते. अहो, निदान अक्षर बरं आहे म्हणून तरी अर्धा मार्क द्यायचा!

त्याआधी काय घडलं ते बघा. ४ जुलै १९९९ ला कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत या बँडचा वाद्यांनी भरलेला ट्रकच चोरीला गेला. तुम्ही म्हणाल, नव्या गिटारी घ्यायच्या. तिथंच तर गोम आहे. थर्स्टन मूर आणि ली रनाल्डो या बँडच्या दोन गिटारवादकांचा हिशेब जवळपास एका गाण्याला एक गिटार असा. स्वस्तातली गिटार, भलत्याच जाडीच्या तारा, ट्यूनिंग स्वतःचं, तारांखाली स्क्रूड्रायव्हर नाहीतर ड्रमस्टिक खुपसलेली. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर मिरजेचा कारागीर ती परत काढून देतो. इथं तंबोराच गेला, आणि त्याच्यासोबत काही गाणीही.

मग हाताशी जे उरलं आणि जे नवीन मिळालं, त्यावर हा अल्बम झाला. जोडीला जिम ओ'रूर्क हा संगीतकार-निर्माता. गोंगाटाच्या भिंती विरळ झाल्या, गाण्यापेक्षा बोलणं वाढलं. कव्हरवर बीट लेखक विल्यम बरोजनं काढलेलं चित्र, म्हणजे बीट कवींचं, त्या पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन बंडखोरांचं, वेड लपवलेलंही नाही. लोकांना हा सगळा आव वाटला. मला 'फ्री सिटी ऱ्हाइम्स'मधल्या गिटारी अंधारात बटण चाचपडणाऱ्या हातासारख्या वाटतात. घर नवीन आहे, सवय जुन्या घराची.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मीही दोन गाण्यांत बंद केला होता. बँडमधल्याच किम गॉर्डननं गायलेलं 'साइड टू साइड' तर अजूनही माझ्याच्यानं होत नाही. पण शीर्षकगीत ऐका. ली नुसता बोलत राहतो, मागं गिटारी धुमसत असतात, आणि शेवटी सगळं भडकतं.

दोन वर्षांनी 'मरे स्ट्रीट' आला, ओ'रूर्क तोवर बँडमध्येच होता. त्या अल्बमच्या निवांतपणाचं सगळ्यांनी कौतुक केलं. तो निवांतपणा काय आभाळातून पडला? त्याचा रियाज या शून्यवाल्या अल्बमवर झालाय, असं माझं ठाम मत.

रात्री हेडफोन लावून शीर्षकगीतापासून सुरू करा. 'साइड टू साइड' गाळलंत तर मी कुणाला सांगणार नाही.