फितीतली खोट

२६ जानेवारी जवळ आली की देशप्रेम दाखवायचे नाना मार्ग खुले होतात. कोणी गाडीच्या आरशाला झेंडा बांधतं, कोणी तिरंगी ढोकळा करतं. पण तुम्ही त्यातले नाही. तुम्हाला जाणकार व्हायचंय. तर मग तुमच्यासाठी एकच उद्योग योग्य: सैनिकांच्या गणवेशावरच्या फितींमधली खोट काढणं. यात भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर पळावं लागत नाही, छाती फुगवून मोजून घ्यावी लागत नाही, बर्फात बोटं गमवावी लागत नाहीत. सोफ्यावर बसून टीव्हीतल्या संचलनाकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "हे चुकलंय." चहा दुसऱ्या कोणीतरी आणून द्यावा, म्हणजे बोट मोकळं राहतं.

थोडी तयारी मात्र लागते. अख्खी मेडलं समारंभाला. एरवीच्या गणवेशावर त्यांच्या नुसत्या फितींचे तुकडे, डाव्या खिशाच्या वर. वाचायचे ते शर्टाच्या गुंड्यांकडून दंडाकडे, आणि वरून खाली. पंगतीत मानाची पानं आधी मांडतात तसा यांचाही क्रम सरकारने ठरवलेला आहे. भारतरत्न, मग परमवीर चक्र, मग अशोक चक्र. इथवर कोणीही पाठ करतो. पुढे गंमत आहे. परम विशिष्ट सेवा पदक, जे बहुधा जनरल मंडळींना प्रदीर्घ आणि उत्कृष्ट सेवेसाठी मिळतं, ते या क्रमात महावीर चक्राच्या आधी येतं. हो, आधी. शत्रूच्या गोळीबारात पुढे गेलेल्याची फीत मागे, आणि फायलींच्या माऱ्यात टिकलेल्याची पुढे. यावर तुम्ही काही म्हणायचं नाही. तुमचं काम क्रम चुकला की नाही ते बघण्याचं. क्रमच तसा का, हा प्रश्न विचारणारे लोक वेगळे, आणि त्यांना चहा कोणी आणून देत नाही.

आता रेघा. इथे नवशिके हमखास पडतात, म्हणून तुम्ही उभं राहायचं. हिरव्या फितीवर मधोमध एक केशरी रेघ असली की अशोक चक्र. दोन असल्या की कीर्ती चक्र, तीन असल्या की शौर्य चक्र. म्हणजे रेघा वाढतात तसा मान उतरतो. १९६७ पर्यंत ही तिन्ही अशोक चक्राचीच पहिली, दुसरी आणि तिसरी श्रेणी होती, त्याची ही खूण. विशिष्ट सेवेच्या तीन पदकांचंही तसंच: पिवळ्या फितीवर निळी रेघ एक असेल तर परम, दोन असतील तर अति, तीन असतील तर नुसतंच विशिष्ट. शेजारचे काका तीन रेघांकडे बघून "बापरे, याला तीन वेळा मिळालंय" असं म्हणतील तेव्हा त्यांना मध्येच तोडू नका. त्यांना पूर्ण बोलू द्या, बायकोसमोर बोलू द्या, मग दुरुस्त करा.

उलटी लागलेली फीत हे तर या धंद्यातलं घबाड. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी; केशरी बाजू डाव्या खांद्याकडे हवी. वीर चक्राची गडद निळी आणि केशरी, तिथेही केशरी बाहेरच्या बाजूला. घाईत पट्टी फिरवून लावली की रंग अदलाबदल होतात आणि तुमचा दिवस सार्थकी लागतो. वायुसेना पदकाच्या वाट्याला जाऊ नका. त्याच्या फितीवर करड्या आणि नारिंगी तिरप्या रेघा आहेत, आणि तिरपी रेघ वरची खाली केली तरी त्याच बाजूला तिरपी राहते. कागदावर काढून बघा हवं तर. भूमितीने तुमच्याशी केलेला हा दगा आहे.

त्याहून मोठा दगा परमवीर चक्राचा. त्याची फीत साधी जांभळी. एक रंग, रेघ नाही, काठ नाही. उलटी लावा, सुलटी लावा, दिसायला सारखीच. देशातला सर्वोच्च लष्करी सन्मान, आणि खोट काढायला सुईच्या टोकाएवढीही जागा नाही! चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी, आणि पुराणं आपल्यातल्या बहुतेकांपेक्षा जास्त वाचलेल्या. त्यांनी चक्रावर इंद्राची चार वज्रं कोरली, ज्या वज्रासाठी दधीची ऋषींनी स्वतःची हाडं काढून दिली. आजवर ही चक्रं २१ जणांना दिली गेली, त्यांतले १४ मरणोत्तर. म्हणजे ही जांभळी फीत स्वतःच्या छातीवर लावण्याची वेळ फक्त सात जणांवर आली. बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या दलातले, रामा राघोबा राणे त्यांपैकी एक. १९४८ साली नौशेरा ते राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना रस्ता करून देणारे. पण आपण विषयापासून भरकटतोय. सुरुंग कसे काढले याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. फीत सरळ होती का, एवढंच सांगा.

वर्षांचं गणित आलं पाहिजे. स्वातंत्र्याच्या २५व्या आणि ५०व्या वर्धापनदिनी, म्हणजे १९७२ आणि १९९७ साली, सेवेत असलेल्यांना त्या त्या वेळी पदक मिळालं. ७५व्या वर्षीही निघालं. शिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची वेगळी पदकं आहेत. आता एखाद्याच्या छातीवर ५०व्या आणि ७५व्या वर्षाच्या फिती शेजारी शेजारी दिसल्या, तर मधली पंचवीस वर्षं तो कुठेतरी होता ना? मग २० वर्षांची फीत कुठंय? लगेच टिपून घ्या. सिनेमात तर याचं उदंड पीक येतं. नायक अठ्ठावीसचा, कप्तान, आणि छातीवर १९९७ची फीत. म्हणजे गडी दुधाच्या दातांसह भरती झाला होता. असा प्रसंग आला की सिनेमा थांबवा, मागे न्या, पुन्हा थांबवा, पडद्याजवळ जाऊन बोट ठेवा. घरचे लोक पुढच्या वेळी तुम्हाला न सांगताच सिनेमा बघतील. हा तुमच्या ज्ञानाचा विजय समजा.

फितीला जे सांगता येत नाही ते फार असतं, आणि तुमच्या पथ्यावर पडणारं तेच. उदाहरणार्थ, १९४७चं जनरल सर्व्हिस मेडल. ते काश्मीरच्या लढाईसाठी दिलं गेलं, नागा टेकड्यांसाठी दिलं गेलं, आणि १९६१ साली गोवा मुक्त केला त्यासाठीही. कुठली कामगिरी ते मेडलवरच्या धातूच्या पट्टीवर कोरलेलं असतं. नुसती फीत लावली की ती पट्टी गायब. झोजिला चढलेला आणि पणजीत शिरलेला, दोघांची फीत एकच. तेव्हा गोव्याच्या मोहिमेतल्या एखाद्या म्हाताऱ्याला खुशाल अडवा: "आजोबा, गोव्याच्या कारवाईचं नाव तर ऑपरेशन विजय होतं ना? मग ऑपरेशन विजय मेडल कुठंय?" ते मेडल कारगिलचं, १९९९चं, नाव तेवढं सारखं. आजोबा समजावून सांगू लागतील. तुम्ही घड्याळाकडे बघा.

फितीवर मध्येच कमळाच्या पानासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर खिशातली शोभेची पिन सरकून वर आली असं जाहीर करण्याचा मोह होईल. थांबा. युद्धअहवालात नावानिशी उल्लेख झालेल्याला ते पान मिळतं. तुम्हाला हे आता कळलं. शेजारच्या काकांना अजून माहीत नाही. पुढचं तुम्ही जाणता.

सरावासाठी मात्र सैनिकच हवा असं नाही. लग्नसराईत वरातीपुढे चालणारा बँडमास्तर बघा. खांद्यावर सोनेरी झालरी, छातीवर पाच-सहा चकत्या, काही देशांच्या फील्ड मार्शललाही लाजवतील अशा. सोसायटीचा वॉचमन घ्या, त्याच्या खांद्यावरची शिट्टीची दोरी कुठल्या रेजिमेंटची ते विचारा. चौकातला फ्लेक्स घ्या: कोपऱ्यात साहेबांचा हसरा चेहरा, आणि सैनिक त्यांच्याकडेच बघतोय असं दिसावं म्हणून फोटो उलटा फिरवलेला. फिती उजव्या छातीवर, शर्टाची पट्टी बायकी, बंदूक डावखुरी. पण इथे जरा जपून. साहेबांचे कार्यकर्ते फ्लेक्सखालीच उभे असतात, आणि खोट काढणाऱ्याला विमा नाही. बँडमास्तरवर मात्र हवं तेवढं तोंडसुख घ्या, तो बिचारा रात्री अकरापर्यंत वाजवून दमलेला असतो.

कोणी कायद्याचं विचारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ तोंडपाठ असू द्या: सैनिक नसताना सैनिकाचा वेष किंवा खूण धारण केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं, हा हेतू लागतो. बँडमास्तर इथेच सुटतो. त्याला बघून 'फौज आली' असं आजवर नवरदेवालाही वाटलेलं नाही. सापडतात ते लष्करात साहेब असल्याचं सांगून लग्न जमवणारे, नोकरी लावतो म्हणून पैसे उकळणारे. त्यांच्या फिती कधीकधी अगदी बिनचूक असतात, कारण त्यांनी तुमच्यासारखाच अभ्यास केलेला असतो.

आता एक अवघड प्रश्न, वरच्या इयत्तेसाठी. फेब्रुवारी १९४२, ब्रह्मदेशातली सितांग नदी. सॅम माणेकशा नावाचा एक कप्तान पोटात मशीनगनच्या गोळ्या घेऊन पडलाय. जगेल असं कोणाला वाटत नाही. मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्यपदक, आणि ते तेव्हा मृताला देत नसत. म्हणून त्याच्या डिव्हिजनचे मेजर जनरल कोवन यांनी स्वतःच्या गणवेशावरची मिलिटरी क्रॉसची फीत काढून त्याच्या छातीवर लावली. बघा, किती चुका एका जागी! राजपत्रात नाव नाही. समारंभ नाही. फीत दुसऱ्याची, वापरलेली. गणवेश इस्त्रीचा नाही, रक्ताने भरलेला. त्या रक्तात पांढरी-जांभळी-पांढरी अशी रेघांची मांडणी नीट दिसली असेल का याचीही शंकाच. तुम्ही त्या नदीकाठी असता तर जनरलसाहेबांच्या खांद्यावर बोटाने टकटक करून हे सगळं निदर्शनास आणून दिलं असतं, यात मला मुळीच शंका नाही. तो कप्तान पुढे जगला आणि फील्ड मार्शल झाला, हे नियमांच्या दृष्टीने आणखीच गैरसोयीचं.

तसेच मेजर धनसिंग थापा. १९६२च्या युद्धात लडाखमध्ये लढले, गेले असं समजून त्यांचं परमवीर चक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. नंतर कळलं की ते चीनच्या कैदेत जिवंत आहेत. सरकारला कागद दुरुस्त करावा लागला. इथे चूक फितीची नव्हती, त्यामुळे हे प्रकरण आपल्या अखत्यारीत येत नाही.

आणि शेवटी उजवी बाजू. हुतात्मा स्मारकावर कार्यक्रम असतो, पुढच्या रांगेत एखादी बाई बसलेली असते. साधी साडी, आणि पदरावर मेडलांची पट्टी. उजवीकडे! तुमच्या मनात घंटा वाजेल: फिती, मेडलं, सगळं डावीकडे असतं, हा पहिलाच धडा. उठा, जा, वाकून हळू आवाजात सांगा, "ताई, बाजू चुकली." त्या सांगतील की चुकलेली नाही. ज्याने मिळवली त्याची डावी बाजू; तो गेल्यावर घरच्यांनी लावायची तर उजवी, आणि सैन्यदलाने तशी मुभा दिलेली आहे. त्या हे न चिडता सांगतील, कारण हे त्यांना पहिल्यांदा विचारणारे तुम्ही नसाल. अशा वेळी वरमून जाऊ नये. मागे फिरताना "पिन जरा तिरकी होती" एवढं तरी पुटपुटावं. रिकाम्या हाताने परत येणं बरं दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र ही विद्या घेऊन जाऊ नका: साताऱ्याजवळचं अपशिंगे. गावाच्या नावामागेच 'मिलिटरी' लागलेलं, पिढ्यानपिढ्या घरटी माणूस फौजेत, पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण गेले. तिथे ओट्यावर बसलेल्या आजीला तुम्ही फितींचा क्रम सांगू लागाल. ती भिंतीवरच्या फोटोकडे हात करून सांगेल की ही फीत वर बर्फात होते तेव्हाची, तेव्हा चार महिने पत्र नव्हतं. ही दुसरी आली तेव्हा थोरला रांगत होता, बापाला बघून रडला. क्रम तिला येणार नाही. तुम्ही तो दुरुस्त करायला तोंड उघडाल, तेवढ्यात आतून आजोबा बाहेर येतील, तुम्हाला नखशिखांत न्याहाळतील आणि विचारतील, "पावणं, पलटण कुठली म्हणायची तुमची?"

याचं उत्तर फितींच्या कुठल्याच तक्त्यात नाही. पाणी मागावं, साताऱ्याला जाणारी शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारावं, आणि उठावं.