आरकॉम डीलिस्ट झाली तर पैसे मिळतील? कुणाला, ते आधी बघा

रिलायन्स कम्युनिकेशन्स, म्हणजे आरकॉम, शेअर बाजारातून काढली जाणार अशी चर्चा निघाली की गुंतवणूकदारांच्या गटांत एक संदेश हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: घाबरू नका, उलट आणखी घ्या. डीलिस्टिंग करताना सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमाने चढा भाव द्यावाच लागतो. कंपनी शेवटी जिओच घेणार. मालमत्ता मुबलक आहे. आणि रुची सोया आठवा!

आपल्याकडे हा संदेश अनेकांच्या काळजाला भिडतो, त्याला कारण आहे. अंबानी बंधूंच्या 2006 च्या विभाजनात रिलायन्स इंडस्ट्रीजच्या प्रत्येक शेअरमागे आरकॉमचा एक शेअर आला. त्यामुळे वडिलांच्या डीमॅट खात्यात तो न घेताच पडून असलेली घरं मुंबई-पुण्यात कमी नाहीत. 2008 च्या सुरुवातीला 800 रुपयांच्या वर गेलेला भाव त्यांनी पाहिलाय.

आता चढ्या भावाचं. हा नियम खरा आहे, पण तो स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कंपनीसाठी. तिथे प्रवर्तक स्वतःच्या पैशाने तुमचे शेअर विकत घेतो, म्हणून तुमच्याकडून भाव मागवले जातात. आरकॉम 2019 पासून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे. अनिल अंबानींनी त्याच वर्षी संचालकपदाचा राजीनामा दिला. अशा प्रक्रियेत मंजूर झालेल्या आराखड्यानुसार (म्हणजे कंपनी कोण घेणार आणि देणी कशी फेडणार याच्या योजनेनुसार) डीलिस्टिंग होत असेल, तर भाव ठरवण्याची ती पद्धत लागूच होत नाही. सेबीच्या 2021 च्या नियमावलीतच तशी सूट आहे. भागधारकाला किमान किती मिळावं, तर कंपनी मोडीत काढून सगळ्यांची देणी फेडल्यावर त्याच्या वाट्याला जे उरेल तेवढं. दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 मधली रांग बघा: प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, उरलेले धनको, प्रेफरन्स शेअरवाले. सगळ्यांत मागे तुम्ही.

त्या रांगेच्या पुढच्या टोकाला वित्तीय धनकोंचेच, म्हणजे बँका आणि इतर कर्ज देणाऱ्यांचेच, दावे सुमारे 49 हजार कोटींचे आहेत. ‘मालमत्ता मुबलक’ म्हणणाऱ्याने आधी हा आकडा ओलांडून दाखवावा. स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवेच्या लहरी, तर मुळात सरकारचा. कंपनीकडे असतो तो ठरावीक मुदतीचा वापरहक्क.

जिओचा मुद्दा सगळ्यांत गमतीचा, कारण जिओने खरंच खरेदी केली आहे आणि ती होऊनही गेली. आरकॉमची मालमत्ता जिओला विकण्याचा 2017 च्या अखेरीस झालेला मोठा करार मार्च 2019 मध्ये रद्द झाला. पुढे टॉवर आणि फायबर असलेली रिलायन्स इन्फ्राटेल ही उपकंपनी जिओच्या उपकंपनीने 3,720 कोटींना घेतली. रक्कम 2022 च्या अखेरीस भरली गेली. हा पैसा धनकोंसाठी होता. खुद्द आरकॉमसाठी धनकोंच्या समितीने मार्च 2020 मध्ये जो आराखडा मंजूर केला, तो एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीचा, यूव्ही एआरसीचा आहे. थकीत कर्ज वसूल करणं हा तिचा धंदा. ती मोबाइल सेवा पुन्हा सुरू करून तुम्हाला लाभांश देईल, ही अपेक्षा कुठून येते ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

राहता राहिली रुची सोया, दिवाळखोरीतून पतंजलीने घेतलेली खाद्यतेल कंपनी. 2020 मध्ये शेअर 17 वरून 1,500 पर्यंत गेला, हे खरं. पण त्याआधी जुन्या 100 शेअरांचा 1 शेअर झाला होता, म्हणजे जुन्या हिशेबात तो 1,500 नव्हे, 15 रुपये. शिवाय शेअर बाजारात ठेवायचा हा पतंजलीच्या आराखड्यातला निर्णय होता. भागधारकाचा तो हक्क नव्हता.

तुलनाच करायची तर जवळचं घर सोडून लांब का जायचं? रिलायन्स कॅपिटल ही अनिल अंबानींच्या याच समूहाची. हिंदुजांच्या आराखड्याला फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने मंजुरी दिली, इक्विटीचं मूल्य शून्य ठरलं, शेअर डीलिस्ट झाले आणि भागधारकांना दमडी मिळाली नाही. त्याआधी डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी. जून 2021 मध्ये पिरामलच्या आराखड्याला मंजुरी मिळाल्याच्या बातमीवर शेअर वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला, लागला. लोक घेत होते! त्याच महिन्यात तो बाजारातून गेला, भागधारकांच्या हाती शून्य ठेवून. बाजारात भाव दिसतो म्हणजे मूल्य आहे, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

‘रुपया-दोन रुपयांत काय जातंय’ म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की पन्नास हजार शेअर घेतले तर पन्नास हजार ते लाखभर जातात. ज्यांच्याकडे जुने शेअर पडून आहेत, त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. शेअर विकता येत असताना विकून झालेला दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तर उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. शेअर रद्द झाल्यावर तोच तोटा दाखवायला गेलात तर आयकर खात्याशी वाद होऊ शकतो. सीएला विचारायचं असेल तर ते आधी विचारा.