पहिल्याच स्पर्धेत सगळीकडे नाव कशाला?

कुत्र्याच्या पहिल्या अ‍ॅजिलिटी स्पर्धेचा (म्हणजे मालकाच्या इशाऱ्यावर पळत अडथळे पार करण्याच्या खेळाचा) फॉर्म हातात आला की आपण लगेच हिशेब मांडतो. नाशिकहून पहाटे निघायचं, कसारा घाट उतरायचा, एवढं पेट्रोल जाळायचं, मग सगळ्याच प्रकारांत नाव देऊन टाकू! माझं मत उलट आहे. पहिल्या खेपेला नवशिक्यांच्या गटात एक-दोन राऊंड, आणि तेही जंपिंगचे, म्हणजे मुख्यतः उड्या आणि टनेलचे. बास.

इंदिरानगरच्या माझ्या मैत्रिणीचा लॅब्रॅडॉर पुढच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरतोय. ती म्हणाली, "अगं, त्याला सी-सॉ येतो की!" सी-सॉ म्हणजे टेकूवर वर-खाली झुकणारी फळी. येतो, पण कुठला? आपल्या गंगापूर रोडच्या प्लॉटवरचा, अंबडच्या फॅब्रिकेटरने करून दिलेला. त्याची फळी मातीवर टेकते, आवाज जेमतेम. परक्या मैदानावर फळी दाणकन आपटते. त्यात लॅबसारखं वजनदार कुत्रं मधला टेकू ओलांडतं न ओलांडतं तोच फळी खाली जाते. माझी ठमी गावठी, अंगाने हलकी. तिच्याखाली ती सावकाश झुकते, तरी ठमी कान मागे टाकून, चारही पाय फाकवून मधेच थबकते. एकदा घाबरलेलं कुत्रं पुढचे कित्येक दिवस फळीला वळसा घालून जातं. एका दिवसाच्या हौसेपायी हे कोणी ओढवून घ्यावं?

ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा उंच तंबू) आणि डॉग वॉक (चढ-उताराचा अरुंद पूल) यांचं दुखणं वेगळं. तिथे पिवळ्या पट्ट्यात पाय पडलाच पाहिजे. एफसीआयच्या (कुत्र्यांच्या क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत डॉग वॉकच्या दोन्ही टोकांना 90 सेंटिमीटरचा वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. आजूबाजूला भुंकणारी कुत्री, लाउडस्पीकर, हातात खाऊ नाही (रिंगमध्ये खाऊ-खेळणं चालत नाही), अशा वेळी नवखं कुत्रं वरूनच उडी ठोकतं. सरावात महिनोन्महिने घोटलेलं तिथे मोडतं, आणि तुम्ही "चल चल" करत पुढे पळत राहिलात की कुत्रं समजतं, असंही चालतं.

जंपिंगमध्ये हे तिन्ही अडथळे नसतात. काहींना ती अर्धी स्पर्धा वाटते. पण 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये हा खेळ पहिल्यांदा दाखवला, तो घोड्यांच्या जंपिंगवरूनच उचललेला होता. पळणं, वळणं आणि उडी हाच त्याचा गाभा.

फक्त एक गोष्ट विचारून घ्या: वीव्ह पोल (ज्यांच्यामधून कुत्रं नागमोडी जातं ते रांगेतले उभे दांडे) आहेत का, किती? अमेरिकन केनेल क्लबच्या नवशिक्या गटात 6 असतात, पण वरच्या गटांत 12. पहिला दांडा कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी ठेवूनच आत शिरायचं, आणि ते वेगात साधणं म्हणजे खरी परीक्षा. तिकडे नॅडॅक या संघटनेचा नुसत्या टनेलचाही एक प्रकार आहे. आपल्याकडे कोणी तसा ठेवला तर मी आधी तिथेच नाव देईन, कारण टनेल न आवडणारं कुत्रं मी अजून पाहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये तर गुण न मोजता, खेळणं हातात घेऊन पळण्याचीही सोय आहे. आयोजकांना विचारून बघा, फार तर नाही म्हणतील.

वयाचंही बघा. एफसीआय 18 महिन्यांच्या आत उतरूच देत नाही, आणि ते रास्तच आहे; हाडं पक्की व्हायला हवीत. उंचीचा गट मात्र अंदाजाने लिहू नका. खांद्याच्या वरच्या टोकापासून जमिनीपर्यंत, कुत्रं सरळ उभं असताना मोजायचं. एफसीआयकडे 48 सेंटिमीटरला मोठा गट सुरू होतो, म्हणजे मोजण्यात एका सेंटिमीटरचा फरक पडला तरी उडीची दांडी वरच्या गटाची लागू शकते.

तर बाई, रविवारी सकाळी ये त्याला घेऊन. टेप माझ्याकडे आहे. फॉर्म पेन्सिलीने भर, आणि त्याला नाश्ता देऊन आणू नकोस, नाहीतर तो प्लॉटवर आडवाच पसरेल.